धुऱ्यावरचा तंबू

त्या हिवाळ्यात आमच्या घरी दर दोन दिवसांनी काही ना काही येत होतं. एकदा दोर आला, एकदा डोक्याला लावायची बॅटरी आली आणि एका शनिवारी करंगळीएवढी काळी सळई आली. तिच्यावर पोलादाची पट्टी जोरात ओढली की ठिणग्या उडतात, असं पाकिटावर लिहिलं होतं. मला संध्याकाळपर्यंत धीर धरवेना. मी बैठकीत सोफ्यावर बसूनच ती ओढली आणि सोफ्याच्या कव्हरला दोन भोकं पाडली. बायको आतून आली, तिने भोकांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"आता घर पेटवाचं तेवढं राह्यलं," ती म्हणाली आणि परत आत गेली.

मला वाईट वाटायला हवं होतं. पण खरं सांगतो, मला नाचावंसं वाटत होतं. काडीपेटी नाही, लायटर नाही, आणि वाशीमच्या एका मास्तराने स्वतःच्या हाताने ठिणगी पाडली होती!

मी शाळेत भूगोल शिकवतो. चोवीस वर्षं मी पोरांना बर्फाचे प्रकार सांगत आलो आणि बर्फ पाहिला तो रसवंतीवर. मुलगी नोकरीसाठी पुण्याला गेली, घरात आम्ही दोघंच उरलो, तेव्हा जेवण झाल्यावर मी मोबाईलवर व्हिडिओ पाहायला लागलो. बर्फाच्या रानात एक माणूस येतो, पाठीवर पिशवी, कमरेला सुरी. तो लाकडं कापतो, तंबू ठोकतो, आग करतो, चहा पितो आणि झोपतो. बोलत नाही. एवढंच! पण ते पाहताना माझ्या पायात मोजे असूनही बोटं वळवळायची. मी तो माणूस होतो. फक्त माझ्याकडे सामान नव्हतं.

मग सामान यायला लागलं.

सुरी मात्र मी मागवली नाही. वाशीमच्या जुन्या बाजारात एक लोहार आहे, त्याच्याकडे मी कागदावर चित्र काढून नेलं. ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्याची, वीतभर लांब, पाठ जाड, टोक थोडं खाली आलेलं. त्याने चित्र उलटंसुलटं करून पाहिलं.

"मास्तर, बोकड कापाचं हाय का?"

"नाही हो. लाकूड तासाचं. काड्या सोलाच्या. बर्फात जाऊन राह्यलो."

"मंग सुताराचं वाकस घेऊन जा ना. सुरी कायले?"

मी त्याला पंधरा मिनिटं समजावलं. त्याला पटलं नाही, पण त्याने काम घेतलं, आणि घेतल्यावर त्याचाही जीव त्यात गुंतला. मी तिथेच बसून राहिलो. भात्याची हवा, लाल झालेला पाटा, त्याच्या भावाने मारलेला घण, आणि शेवटी पात्याला पाणी दिलं तेव्हा झालेला तो चर्रर्र आवाज! बाभळीची मूठ बसवून त्याने सुरी माझ्या हातात दिली आणि स्वतःच म्हणाला, "आपल्यासाठीबी एक करून पाहातो मी." मी ती वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आणली आणि त्या संध्याकाळी घरातल्या सगळ्या पेन्सिलींना टोक काढलं.

या सगळ्यामागे एक खरं कारण होतं आणि ते मी बायकोला सांगायला घाबरत होतो. हिमाचलात जानेवारीत एक कॅम्प असतो. बर्फात तंबू टाकून तीन रात्री राहायचं. मी दोघांची नावं टाकली होती. महिनाअखेरच्या सोमवारपर्यंत पक्कं कळवायचं होतं, नाहीतर जागा जाणार होत्या.

एकट्याने जाता आलं असतं. माझे दोन सहकारी म्हणालेही, की वहिनींना कशाला थंडीत नेता. पण मला एकट्याने जायचंच नव्हतं. चोवीसेक वर्षांच्या संसारात आम्ही दोघं मिळून गेलो ते लग्नांना, बारशांना आणि दहाव्याला. नुसतं जायचं म्हणून कुठेच गेलो नाही. समोर पांढराशुभ्र डोंगर उभा आहे आणि "अगं, पाह्य पाह्य" म्हणायला शेजारी कोणी नाही, या विचारानेच माझ्या जिवाचं पाणी पाणी व्हायचं.

शेवटी एकदा मी सांगून टाकलं. ती ब्लाउजला हुक लावत होती. शेजारपाजारच्या बायकांची शिलाई ती करते. तिने सुई थांबवली नाही.

"मी नाही येत."

"काहून?"

"मले परक्या जागी झोप नाही लागत. तुमाले मालूम हाय."

हे खरं होतं. कोणाच्या लग्नाला मुक्काम पडला की ती रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर. मी घोरतो, ती तासांचे ठोके मोजते. सकाळी तिचे डोळे लाल आणि दिवसभर माझ्याशी बोलणं बंद. तीन रात्री बर्फात असं झालं तर ती आजारी पडेल, हे मलाही कळत होतं. पण मी हट्टाला पेटलो. आठ दिवस मी तेच ते बोलत राहिलो. स्लीपिंग बॅग किती उबदार, मॅट किती मऊ, तंबू कसा दोन थरांचा. शेवटी एका सकाळी तिने पोळपाटावरून लाटणं उचललं आणि ते माझ्याकडे रोखून ती म्हणाली,

"ऐका. माह्या भावाच्या वावरात एक रात तुमच्या त्या तंबूत राहू. मले नीट झोप लागली, तं मी येईन तुमच्यासंग. नाही लागली, तं हा सारा पसारा इकून टाकाचा आन या घरात पुन्हा हिमालयाचं नाव नाही घ्याचं. हाय कबूल?"

"कबूल!" मी ओरडलो. शेजारच्या गच्चीवरची बाई वाकून पाहायला लागली.

आता त्या सोमवारआधी माझ्या हातात शनिवारची एक रात्र होती. बायकोला झोप लावणे, हा एकच विषय. मी परीक्षेचा पेपर काढावा तसा कागद घेऊन बसलो. तिला काय टोचतं, काय रुततं, कशाचा आवाज सहन होत नाही. स्लीपिंग बॅगचं नायलॉन कुशीवर वळताना चुर्रचुर्र वाजतं, तो आवाज तिला सहन होणार नाही. शिवाय अंगाला सुती कापड लागल्याशिवाय तिला झोप नाही, मग कितीही मखमली पांघरूण द्या. म्हणून मी बॅगेच्या आत घालायची एक सुती पिशवी मागवली. पांढरीशुभ्र, मऊ, तलम. माणसाने आत शिरायचं आणि मग बॅगेत शिरायचं. हे माझं ब्रह्मास्त्र होतं. मी ते तिला दाखवलंसुद्धा नाही. झोपायच्या वेळी काढीन आणि ती खूश होईल, असा माझा बेत होता. तो बेतच माझ्या अंगाशी आला.

शनिवारी दुपारी आम्ही मोटारसायकलवर निघालो. पुढे टाकीवर तंबू, मागे बायको, तिच्या मांडीवर पिशवी आणि दोन्ही बाजूंना लटकलेल्या मॅटच्या वळकट्या. रिसोडच्या रस्त्याला लोक वळून वळून पाहत होते. एका पानटपरीवर कोणीतरी विचारलं, "सर, बदली झाली का?" मी हात हलवला. मला इतका आनंद झाला होता की मी त्यालाही सोबत घेतलं असतं.

रिठद गावाच्या अलीकडे तिच्या भावाचं शेत आहे. तो माझा साळा, माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, आणि जावयाची चेष्टा करायची एकही संधी तो सोडत नाही. हिवाळ्यात रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगाई, यायला लागले की तो रोज रात्री शेतात जागलीला, राखणीला, असतो. मचाणावर एक घोंगडं, एक काठी, एक पत्र्याचा डबा, एवढं त्याचं सामान. माझं सामान पाहून तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"भाऊजी, हे सारं एका रातीसाठी?"

"हो."

"आन मी इथं पंचवीस वर्सं घोंगड्यावर काढले, ते चुकलंच म्हना माह्यं."

"तुले नाही समजाचं."

"नाही बाप्पा, मले कायले समजते," तो म्हणाला, आणि मग बहिणीकडे वळून, "बाई, थंडी वाजली तं घरी येजो. दार उघडंच ठेवतो." आज तो घरी झोपणार होता. डुकरं आली तर डबा वाजवायचा, एवढं आम्हाला सांगून तो गेला, जाताना दोनदा मागे वळून हसला.

जागा मी निवडली. धुऱ्यावर, म्हणजे दोन वावरांच्या मधल्या बांधावर, एक जुनी बाभूळ आहे. एका बाजूला हरभरा गुडघ्याला लागायच्या बेतात आलेला, फुलावर. दुसऱ्या बाजूला कापसाच्या चार-सहा ओळी आणि पलीकडे तूर. वारा तुरीने अडवलेला. व्हिडिओतला माणूस याहून चांगली जागा काढू शकला नसता!

तंबूचे खिळे मात्र रोवता रोवेनात. काळी माती हिवाळ्यात वरून दगड होते आणि मधे तिला भेगा पडतात. दगडावर खिळा वाकायचा, भेगेत तो सरळ पाताळात जायचा. एक खिळा तर असा आत गेला की मी पालथं पडून हात घालून शोधला. मिळाला नाही. व्हिडिओत शिकलेल्या तीन गाठी मी मारल्या आणि तिन्ही सुटल्या. मी चिडून दोर फेकून दिला. बायकोने तो उचलला, एक टोक बाभळीच्या बुडाला बांधलं, दुसरं वखराच्या पडलेल्या तुकड्याला, तो तुकडा आडवा जमिनीवर ठेवून त्यावर दोन दगड रचले. अर्ध्या मिनिटात तंबू ताठ.

"कोनती गाठ हाय ही?" मी विचारलं.

"गायीच्या दाव्याची. वढली का घट्ट होते, सोडली का सुटते. तुमच्या मोबाईलात नाही दाखोत का?"

गाठ कोणाचीही असो, तंबू उभा होता, केशरी रंगाचा, हिरव्या हरभऱ्याच्या कडेला, आणि तो मला इतका सुंदर दिसला की मी त्याच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या.

मग आग. मी याच क्षणासाठी जगत होतो. बाभळीची वाळकी फांदी घडीच्या करवतीने कापली, लोहाराच्या सुरीने काड्या सोलून त्यांचे झुबके केले, गेल्या सालच्या तुराट्यांचा, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांचा, ढीग धुऱ्यावर होता त्यातल्या मोडून आणल्या. आता ठिणगी पकडायला काहीतरी हवं होतं. व्हिडिओतली माणसं एका पांढऱ्या झाडाची साल वापरतात. ते झाड आपल्याकडे उगवत नाही. मी नारळाची शेंडी आणली होती, ती खिशात दमट झाली होती. मी सळई ओढतोय, ठिणग्या पडतायत, शेंडी धूरसुद्धा देत नाही. दहा वेळा, वीस वेळा. कपाळाला घाम आला. बायको भाकरीचं फडकं सोडत बसली होती.

तेवढ्यात माझी नजर कापसाच्या ओळीवर गेली. फुटलेलं बोंड, हातभर अंतरावर. मी उठलो, बोंडातला कापूस ओढला, सरकी काढली, पिंजून फुलवला आणि सळई ओढली.

भक्कन पेटला!

एका ठिणगीत! मी अशी आरोळी ठोकली की तुरीतून दोन तितर फडफडत उडाले. "पाह्यलं? पाह्यलं का? कापूस! आपला कापूस!" सगळं जग रानावनात साली शोधत फिरतं आणि आपल्याकडे जगातली सगळ्यात चांगली गोष्ट बांधाला उभी आहे, हे मी तिला पुन्हा पुन्हा सांगत होतो. तुराट्या तडतडल्या, बाभळीने जाळ धरला. ती हसत होती. खूप दिवसांनी मी तिला असं तोंड उघडून हसताना पाहिलं.

त्या जाळावर तिने वांगी भाजली, भरीत केलं. मी माझं पाकीट काढलं, त्यात गरम पाणी ओतलं की पुलाव होतो. तिने एक घास खाल्ला आणि पाकीट सन्मानाने बाजूला ठेवलं. मग मीही भरीत-भाकरच खाल्ली. दिवस मावळला होता, थंडी उतरायला लागली होती आणि माझ्या मते सगळं अगदी व्हिडिओप्रमाणे चाललं होतं. मी हात धुतले आणि ब्रह्मास्त्र काढायला तंबूत शिरलो.

सुती पिशवी जागेवर नव्हती.

मॅट झटकली, पिशव्या उलट्या केल्या, डोक्याला बॅटरी लावून कोपरे पाहिले. नाही. बाहेर आलो तर बायको हरभऱ्याच्या कडेला वाकून काहीतरी सारखं करत होती. मी बॅटरी तिकडे फिरवली. हरभऱ्याच्या झाडांवर एक लांबलचक पांढरं कापड पसरलेलं होतं, चारी कोपऱ्यांना मातीची ढेकळं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. हिवाळ्यात हरभऱ्याच्या पानांवर आंबट पाणी सुटतं. त्याला आंब म्हणतात. रात्री हरभऱ्यावर पांढरं सुती फडकं टाकायचं, पहाटेपर्यंत ते दव आणि आंब पितं, मग पिळून बाटलीत भरायचं. पोटदुखीवर याच्यासारखं औषध नाही. आमच्या घरी दर हिवाळ्यात तिच्या माहेराहून एक बाटली येतेच. नियम एकच, कापड कोरं हवं, सुती हवं आणि पांढरं हवं.

"अगं, हे काय केलंस!"

"काय? आंब घेऊन राह्यली. असा फुलावरचा हरभरा पाहून मले राहावलं नाही. तुमच्या पिशवीत हे कोरं सुती कापड दिसलं. मले वाटलं, त्याच्याचसाठी आनलं तुमी."

"पन ती पिशवी होती! शिवलेली!"

"हव, कोन्या येड्यानं दोन्ही बाजूनं शिवली होती. मी उसवली."

उसवली. माझ्याच सुरीने. मी कापडाला हात लावला, ते आताच दमट झालं होतं आणि बोटांना आंबट वास येत होता. त्यात आता कोणी झोपू शकत नव्हतं. माझं डोकं फिरलं. मी काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. तुला विचारता येत नाही का, तुला मुद्दामच जायचं नाही, आता सगळं मुसळ केरात, वगैरे. मी थांबल्यावर ती म्हणाली,

"मंग सांगाचं होतं ना, माह्यासाठी आनली म्हून."

मग तीच म्हणाली, तिची जुनी सुती साडी आहे पिशवीत, तीच बॅगेत अंथरून घेईल. मी शेकोटीपाशी जाऊन बसलो, माझी उमेद पार गेली होती. सोमवारी फोन करून नाव काढायचं, तंबू कोणाला विकायचा, हेही मी मनात ठरवून टाकलं. थोड्या वेळाने म्हटलं, निदान आपली बॅग तरी आत शिरून पाहावी, उद्यापासून ती दुसऱ्या कोणाची होणार. पाहण्यापुरताच मी आत शिरलो. चेन गळ्यापर्यंत ओढली. बाहेर ती तुराट्या मोडत असल्याचा आवाज येत होता.

त्यानंतरचं मला काही आठवत नाही.

डोळे उघडले तेव्हा तंबूचं कापड केशरी उजळलं होतं. मी ज्या कुशीवर झोपलो त्याच कुशीवर उठलो होतो. अंगात अशी ऊब की शाळा, सोमवार, काहीच आठवेना. मग आठवलं. बायकोची जागा रिकामी होती. मी मॅटवर हात ठेवला. गार.

बाहेर आलो. धुकं हरभऱ्यावर टेकलं होतं. ती शेकोटीपाशी बसली होती, माझी लोकरी टोपी घालून, अंगावर माझं जाड जॅकेट, समोर चहाचं आधण. काचेची बाटली शेजारी, गच्च भरलेली. मी समोर जाऊन उभा राहिलो. परीक्षेचा निकाल घ्यायला आलेल्या पोरांचं काय होतं ते मला त्या दिवशी कळलं.

"झोप लागली का?" मी विचारलं.

"लागली ना."

"चांगली?"

"मस्त," ती आधणाकडे पाहत म्हणाली. "गाढ."

मी उडी मारली. खरंच मारली, एकोणपन्नासाव्या वर्षी, धुऱ्यावर. "जायचं! जायचं आपल्याला!" मी ओरडलो आणि कॅम्पवाल्यांना आताच कळवायला फोन शोधायला तंबूत घुसलो. फोन उशाशी होता. त्याच्या पलीकडे तिची स्लीपिंग बॅग होती. कारखान्यातून आली तशी, आपल्या गोल पिशवीत, नाडी आवळलेली. नाडीला मी वाशीममध्ये मारलेली माझी गाठ तशीच होती.

मी फोन हातात धरून तिथेच बसलो.

ती बॅगेत शिरली नव्हती. साडी घडीची तशीच होती. मी तंबूच्या दारातून बाहेर पाहिलं. बाभळीची मी कापलेली सगळी लाकडं संपली होती. तुराट्यांचा ढीग अर्ध्यावर आला होता, आणि तुराट्या काय, गवतासारख्या जळतात, कोणी सारखं घालत बसलं तरच जाळ टिकतो. हरभऱ्याच्या कडेने दवात तिच्या पावलांच्या वाटाच वाटा पडल्या होत्या. एवढी बाटली एका पिळ्यात भरत नाही. ती रात्रभर उठत होती, पिळत होती, पुन्हा पसरत होती. आणि मी, जो तिला झोप लावायला आलो होतो, तो पोत्यासारखा पडून राहिलो होतो.

बोलायचंच नाही, असं माझ्या मनात आलं. तुमच्यापासून हे लपवण्यात अर्थ नाही. ती स्वतः म्हणाली आहे, गाढ लागली. फोन लावायचा, नावं पक्की करायची, विषय संपला. अंगठा फोनवर होता माझा. पण मग तीन रात्री बर्फात ती अशीच टक्क जागी राहिली तर? माझ्या हौसेपायी? मी फोन खिशात टाकला आणि बाहेर येऊन तिच्या शेजारी बसलो. मला स्वतःचा राग येत होता आणि रडूही.

"तू झोपलीच नाहीस," मी म्हणालो.

तिने चहा गाळला. एक कप मला दिला.

"शर्त झोपीची होती," मी म्हणालो. "मी हारलो. तू माह्यासाठी खोटं नको बोलू. नाही जात आपन."

"तुमच्यासाठी कोन बोलून राह्यलं?" ती म्हणाली.

मला कळेना.

"या वावरात मी निंदलं, कापूस येचला, सोयाबीन सोंगलं. लगन होयेपर्यंत रोज. पन दिस बुडाला का, बाई, घरी चाल. जागलीले बाबा जायचे. मंग भाऊ मोठा झाला, भाऊ जाये. सकायी येऊन सांगत, रोही आल्ते, कोल्हा दोन हातावर बसला होता. मी भाकरी थापता थापता ऐको. एकदा म्हटलं, मले न्या. तं सारे हसले." तिने हात जाळावर धरले. "काल तुमी घोरू लागले तवा मी भाईर आली. म्हटलं, थोडं बसू. मंग बसलीच. चांद मावळला तवा रोह्यांचा कळप आला, तुरीच्या पलीकडून. नऊ होते. मी डबा नाही वाजवला. त्याइनं मले पाह्यलं, मी त्याइले पाह्यलं. मंग गेले आपले. आपलंच वावर, पन राती मले वळखू नाही येऊन राह्यलं."

तिचे डोळे लाल होते, जागरणाने होतात तसे. पण अशा सकाळी तिचा जो चेहरा होतो, तो नव्हता. मी तिच्याकडे पाहतच राहिलो. मॅट किती मऊ, बॅग किती उबदार, आठ दिवस मी काय बडबडत होतो! एवढ्या वर्षांत तिला काय हवं आहे, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. मला लाज वाटली आणि त्याच वेळी फार आनंदही झाला.

"अगं, पन तिकडे तीन राती हायेत," मी कसंबसं म्हणालो. "झोपीचं काय?"

"झोपाले घर हाय ना," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "मले एक सांगा. तिकडे बर्फात रात केवढी असते?"

खरं उत्तर मला माहीत होतं. त्या महिन्यात तिकडची रात्र इथल्यापेक्षा पाऊण तासाने मोठी, फार तर.

"लय मोठी," मी म्हणालो. "सरता सरत नाही."

"मंग लावा फोन," ती म्हणाली.